वारशाची चांदी आणि वाढणारे हात : तीन कादंबऱ्यांतील कौटुंबिक रौप्यपात्रांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चांदीच्या भांड्यांचे स्थान अन्य मालमत्तेपेक्षा वेगळे असते. जमीन विकता येते, पण उचलून नेता येत नाही. नाणे उचलून नेता येते, पण त्यावर घराण्याची खूण नसते. चांदीचे भांडे मात्र वितळवले तर पैसा होते आणि राखले तर वारसा ठरते. फ्रेंच भाषेत चांदी आणि पैसा या दोहोंसाठी एकच शब्द आहे. मराठीतही 'रुपया' हा शब्द रुप्याशी नाते सांगतो आणि अचानक लाभ झाला की 'चांदी झाली' असे म्हटले जाते. धातूचे हे दुहेरी स्वरूप भाषेने फार पूर्वीच ओळखले आहे.

या दुहेरीपणाची साक्ष भांड्यावरील खुणाही देतात. इंग्लंडमध्ये १३०० सालच्या कायद्याने चांदीची शुद्धता हजारात ९२५ भाग या प्रमाणाशी बांधली गेली आणि तपासलेल्या भांड्यावर बिबट्याच्या मुखाची मुद्रा उमटू लागली. ही मुद्रा भांड्याला बाजारात पत देते. त्याच भांड्यावर कोरलेली कुटुंबाची आद्याक्षरे मात्र ते बाजारात जाऊ नये अशी इच्छा व्यक्त करतात. महाराष्ट्रातील घरांतून भांड्यांवर नाव घालण्याची जी रीत आहे, तिच्यामागेही हीच इच्छा असते. एक खूण विक्री सुकर करते, दुसरी ती लज्जास्पद ठरवते.

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थचिंतकाने 'द थिअरी ऑफ द लेझर क्लास' या १८९९ च्या ग्रंथात हाताने घडवलेल्या चांदीच्या चमच्याचे उदाहरण घेतले आहे. दहा ते वीस डॉलरचा हा चमचा आणि दहा ते वीस सेंटचा यंत्रनिर्मित ॲल्युमिनियमचा चमचा यांच्या उपयुक्ततेत फारसा फरक नसतो. मग पहिला सुंदर का वाटतो, हा त्याचा प्रश्न होता. अर्जुन अप्पादुराई यांनी संपादित केलेल्या 'द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज' या १९८६ च्या ग्रंथाने वस्तूंनाही जीवनचरित्र असते, ही दृष्टी रूढ केली. या दोन्ही भूमिका उपयुक्त असल्या तरी त्यांच्यातून एक प्रश्न निसटतो. वारशाच्या भांड्याला मालकाचे नाव असते. परंतु ते घासणारे, मोजणारे, कुलपात ठेवणारे आणि त्यातून वाढणारे हात बहुधा दुसऱ्याचे असतात. या हातांचा त्या वस्तूवर काही अधिकार आहे काय?

प्रस्तुत लेखात जॉर्ज एलियट यांची 'द मिल ऑन द फ्लॉस' (१८६०), व्हिक्टर ह्यूगो यांची 'ले मिझेराब्ल' (१८६२) आणि विल्यम फॉकनर यांची 'द अनव्हँक्विश्ड' (१९३८) या तीन कादंबऱ्यांचा या प्रश्नाच्या अनुषंगाने विचार केला आहे. या कृतींत परस्परप्रभाव दाखवणे हा हेतू नाही. तिन्ही ठिकाणी घरातील चांदी घराबाहेर पडते : एका ठिकाणी विक्रीने, दुसऱ्या ठिकाणी चोरीने, तिसऱ्या ठिकाणी युद्धातील लुटीने. वस्तू घर सोडते त्या क्षणीच ती कोणाची हा प्रश्न उघड होतो, हे निवडीचे कारण होय.

१. नाव आणि कायदा : 'द मिल ऑन द फ्लॉस'

पाण्याच्या हक्कावरून झालेला दावा हरल्याने गिरणीमालक टुलिव्हर कर्जबाजारी होतो, अंथरुणाला खिळतो आणि घरातील सामानाची विक्री अटळ होते. अशा वेळी मिसेस टुलिव्हर आपल्या जपून ठेवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसून रडताना दिसते. तिने स्वतः सूत काढून विणवून घेतलेली मेजवस्त्रे आणि लग्नाच्या वेळची चांदीची चहादाणी तिच्यासमोर असते. या वस्तूंवर तिच्या माहेरच्या नावाची खूण आहे. आपल्या नावाची भांडी खानावळीत वाटसरूंसमोर मांडली जातील, हे तिचे दुःख आहे. ही चांदी तिला वारशाने आलेली नाही. ती मुलांकडे वारशाने जावी अशी तिची इच्छा होती. म्हणजे येथे एक वारसा सुरू होण्यापूर्वीच तुटतो.

एलियट यांनी हा प्रसंग सौम्य उपहासाने रंगवला आहे. मरणासन्न पतीपेक्षा चहादाणीची चिंता करणारी स्त्री वाचकाला संकुचित वाटावी अशीच मांडणी आहे. मॅगीही आईवर संतापते. आईला केवळ आपले नाव असलेल्या वस्तूंची काळजी आहे, वडिलांच्या नावाची नाही, असा तिचा आक्षेप असतो. तो नैतिकदृष्ट्या प्रभावी आहे. पण तो पूर्णतः न्याय्य आहे काय, हे तपासले पाहिजे.

कादंबरीच्या काळातील इंग्रजी कायद्यानुसार विवाहाबरोबर स्त्रीची जंगम मालमत्ता पतीची होत असे. विवाहित स्त्रियांच्या संपत्तीविषयीचे कायदे पुढे १८७० आणि १८८२ मध्ये आले. याचा अर्थ असा की, चहादाणीवरील माहेरच्या अक्षरांना कायद्यात काहीही किंमत नव्हती. ज्या दाव्याशी मिसेस टुलिव्हरचा संबंध नव्हता, त्या दाव्याच्या कर्जापोटी तिची भांडी जाणार होती. ती अक्षरे हाच तिचा एकमेव दस्तऐवज होता आणि तो कोणत्याही कचेरीत चालणारा नव्हता. भारतीय परंपरेतील स्त्रीधनाची कल्पना आणि स्त्रीधनावर पत्नीचाच पूर्ण अधिकार मान्य करणारा प्रतिभा राणी खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा निर्णय ज्यांना परिचित आहे, त्या वाचकांना मिसेस टुलिव्हरचे रडणे केवळ वस्तुलोभ वाटणार नाही.

एलियट यांना हे सर्वस्वी अज्ञात होते असे म्हणता येत नाही. या प्रकरणाच्या शीर्षकात त्यांनी 'तेराफीम' हा बायबलमधील शब्द वापरला आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात राहेल आपल्या पित्याचे गृहदेव चोरते आणि उंटाच्या खोगिरात लपवते. शीर्षकाचा पहिला अर्थ उपहासाचा आहे : मिसेस टुलिव्हर भांड्यांना देव मानते. परंतु मूळ कथेत गृहदेव चोरण्यापूर्वी राहेल आणि तिची बहीण, पित्याच्या घरात आपल्याला काही वाटा उरला आहे काय, असे विचारतात. हा संदर्भ लक्षात घेतला की शीर्षक मिसेस टुलिव्हरची बाजूही घेऊ लागते. निवेदन तिला हसते, शीर्षक तिचा प्रश्न जपून ठेवते. या प्रकरणाचे सामर्थ्य या विसंगतीत आहे.

२. सहा काटे-चमचे आणि एक डाव : 'ले मिझेराब्ल'

दिन्य या गावचा बिशप मिरिएल याने आपले उत्पन्न आणि प्रशस्त निवासस्थानही गरिबांसाठी दिले आहे. जुन्या वैभवापैकी त्याच्याकडे चांदीच्या काट्या-चमच्यांचे सहा संच, सूप वाढण्याचा एक मोठा डाव आणि आजीच्या बहिणीकडून वारशाने आलेली दोन शमादाने एवढेच उरले आहे. चांदीच्या भांड्यातून जेवणे सोडणे आपल्याला कठीण जाईल, अशी कबुलीही तो देतो. ह्यूगो यांनी या संतपुरुषाला हा एवढाच मोह ठेवला आहे आणि नेमक्या त्याच ठिकाणी त्याची परीक्षा घेतली आहे.

१८१५ च्या ऑक्टोबरमध्ये सुटलेला कैदी जाँ व्हालजाँ दारात येतो. घरात पाहुणा असेल तर सहाही संच मांडण्याची या घराची निष्पाप हौस असते. गृहसेविका मादाम माग्लोआर जेवणाऱ्या तिघांपुरतेच संच मांडते. मेजावर काही कमी आहे, असे बिशप सुचवतो आणि ती उरलेले तीन आणून ठेवते. वरवर किरकोळ वाटणारा हा तपशील महत्त्वाचा आहे. कैद्याला पाहुण्याचा पूर्ण मान देण्याची कृती आणि त्याला चोरीचा मोह पाडणारी कृती येथे एकच आहे.

रात्री व्हालजाँ त्या चांदीची किंमत करतो. डावासह तिचे किमान २०० फ्रँक यावेत. एकोणीस वर्षांच्या सक्तमजुरीबद्दल त्याच्या हाती १०९ फ्रँक आणि काही सू एवढीच रक्कम पडलेली असते. म्हणजे बिशपच्या जेवणाची साधने एका माणसाच्या एकोणीस वर्षांच्या श्रमाच्या जवळजवळ दुप्पट किमतीची आहेत. ह्यूगो यांनी हा हिशेब चोराच्या मनात ठेवला आहे. पण त्याचा आरोप चोरावर नाही.

सकाळी चोरी उघडकीस येते तेव्हा बिशपने दिलेला निर्णय कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे. ती चांदी आपण दीर्घकाळ अन्यायाने बाळगली, ती गरिबांची होती आणि नेणारा गरीबच होता, असे तो म्हणतो. येथे क्षमेचा प्रश्नच उरत नाही. क्षमा करण्यासाठी आधी वस्तू आपली असावी लागते. बिशप स्वतःची मालकीच नाकारतो. मग जेवायचे कशाने, या माग्लोआरच्या प्रश्नावर कथलाला वास येतो, लोखंडाला चव असते, तेव्हा लाकडाचे चमचे वापरावेत, असा संवाद होतो. चोराने टाकलेल्या टोपलीखाली बागेतील एक रोप मोडले म्हणून बिशप हळहळतो. त्या रोपाचे कोक्लेआरिया हे नावही चमचा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेले आहे. चांदीचे चमचे गेल्याचे दुःख न करणारा माणूस चमच्याच्या नावाचे रोप मोडल्याचे दुःख करतो, ही रचना योगायोगाची वाटत नाही.

पुढील कथानकात वाढपाची चांदी आणि शमादाने यांचे मार्ग वेगळे होतात. बिशपने स्वतः होऊन दिलेली शमादाने व्हालजाँ अखेरपर्यंत जपतो. बाकीची चांदी तो विकतो. काहीशे फ्रँकांच्या भांडवलावर तो काळ्या काचमण्यांच्या उद्योगात शिरतो आणि त्या उद्योगातून रोजगार, रुग्णालयातील खाटा व शाळा उभ्या राहतात. ती चांदी गरिबांची होती हे बिशपचे विधान अशा रीतीने अर्थव्यवहाराच्या पातळीवर खरे ठरते. शमादाने मात्र मृत्युसमयी कोझेत या मानलेल्या मुलीला दिली जातात. आजीच्या बहिणीकडून बिशपकडे, बिशपकडून कैद्याकडे आणि कैद्याकडून त्या मुलीकडे हा वारसा जातो. बिशपनंतरच्या टप्प्यांत रक्ताचे नाते कोठेही नाही, तरीही वारसा तुटत नाही.

मात्र या भव्य मांडणीत एक उणीव आहे. रोज रात्री चांदी मोजून बिशपच्या उशाजवळच्या कपाटात ठेवणारी माग्लोआर ह्यूगो यांना गमतीची वाटते. तिची भीती, तिची कुलपाची मागणी, चोरीनंतरचा तिचा आकांत हे सर्व बिशपच्या शांततेला उठाव देण्यासाठी योजलेले आहे. ज्या वस्तूंचा त्याग बिशप करतो, त्यांचे जतन वर्षानुवर्षे तिने केलेले असते. त्याग करताना तिचे मत विचारले जात नाही आणि वाचकालाही ते विचारावेसे वाटू नये, अशी कथनाची चाल आहे.

३. पाठ्यपुस्तकातील शमादाने

भारतातील अनेक वाचकांना ही कथा कादंबरीतून नव्हे, तर नॉर्मन मॅकिनेल यांच्या 'द बिशप्स कँडलस्टिक्स' या एकांकिकेतून भेटते. इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांत ती दीर्घकाळ समाविष्ट होत आली आहे. एकांकिकेत दोन बदल केलेले आहेत. कैदी काटे-चमचे आणि डाव चोरत नाही, तो शमादानेच चोरतो. तसेच ती आईने मृत्युशय्येवर दिलेली आठवण असल्याचे दाखवले आहे. बिशपने एका गरीब स्त्रीच्या भाड्यापोटी चांदीच्या मीठदाण्या विकल्याचा उल्लेख आरंभी येतो. म्हणजे जेवणाच्या मेजावरची चांदी पडदा उघडण्यापूर्वीच नाहीशी झालेली असते.

रंगभूमीच्या गरजेनुसार हे बदल समजण्याजोगे आहेत. दोन शमादाने प्रेक्षकाला दिसतात, चमचे दिसत नाहीत. परंतु त्यामुळे अर्थ बदलतो. आईची आठवण चोरीला गेली की चोरी अधिक निर्दय ठरते आणि क्षमा अधिक उदात्त. परिणामी वर्गात ही एकांकिका क्षमाशीलतेचा पाठ म्हणून शिकवली जाते. ह्यूगो यांचा मूळ प्रश्न, म्हणजे ती चांदी मुळात कोणाची होती, हा मागे पडतो. साने गुरुजींनी 'दुःखी' या नावाने या कादंबरीला मराठी रूप दिले, तेव्हा निवडलेले शीर्षक एका बिशपच्या औदार्यापेक्षा पीडितांच्या समूहाकडे बोट दाखवते. मूळ कृतीच्या हेतूशी ते अधिक जवळचे आहे. एकांकिका शिकवताना कादंबरीतील तो एक डाव आणि सहा संच विद्यार्थ्यांसमोर ठेवले, तर चर्चेची दिशा निश्चितच बदलेल.

४. पुरलेली चांदी, पुरलेला माणूस : 'द अनव्हँक्विश्ड'

फॉकनर यांच्या कादंबरीत अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात मिसिसिपीतील सार्टोरिस कुटुंबाची चांदी पेटीत भरून बागेत पुरली जाते. ती पेटी उचलणारे हात गुलामांचे आहेत. कुटुंबाची आजी रोझा मिलार्ड हिला स्वप्न पडते की, कोणी एक माणूस चांदीच्या जागेकडे बोट दाखवत उभा आहे. तो कोण हे ती ओळखते, पण सांगत नाही. पुढे उत्तरेचे सैनिक घर जाळतात आणि लूश हा गुलाम त्यांना ती जागा दाखवतो.

चांदी सार्टोरिसची असताना ती देणारा तू कोण, असे आजी विचारते. त्यावर लूश, आपल्याला सार्टोरिसच्या मालकीत देणारा कोण होता, असा प्रतिप्रश्न करतो. जमिनीत पुरलेली चांदी आणि गुलामीच्या अंधारात पुरलेला माणूस यांची समांतरता त्याच्या बोलण्यातच आहे. ह्यूगो यांच्या बिशपने स्वतःविषयी जे म्हटले, ते येथे गुलाम मालकाविषयी म्हणतो. प्रश्न तोच आहे. विचारणारा मात्र बदलला आहे आणि या बदलाने प्रश्नाला विलक्षण धार येते.

यानंतर आजी नातू बेयार्ड आणि रिंगो हा कृष्णवर्णीय मुलगा यांना घेऊन उत्तरेच्या सैन्यातील कर्नल डिककडे जाते. तिची मागणी चांदीची पेटी, दोन खेचरे आणि लूश व त्याची पत्नी फिलाडेल्फी यांच्या परतीची असते. मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी लागू झालेला असताना, माणसे आणि चमचे एकाच यादीत येतात. लिहून घेणाऱ्याच्या गैरसमजातून आदेशात १० पेट्या, ११० खेचरे आणि ११० कृष्णवर्णीय माणसे अशी नोंद होते. प्रसंग विनोदी आहे आणि त्या विनोदाला दोन टोके आहेत. घराण्याची म्हणून जिच्यासाठी जीव धोक्यात घातला, ती पेटी दहांत हरवते. त्यांतील किमान नऊ तरी अन्य घरांच्या असणार. वारशाचे वेगळेपण सरकारी कागदावर क्षणात संपते. मात्र त्याच हास्यात ११० माणसेही केवळ आकडा म्हणून वाहून जातात. नदीकडे जॉर्डन समजून चाललेल्या मुक्त गुलामांचे विदारक चित्र फॉकनर यांनी त्याच प्रकरणात रेखाटले आहे. तरीही मोजदादीच्या विनोदात त्या चित्राची वेदना काहीशी बोथट होते, असे म्हणावे लागते.

निवेदक बेयार्ड प्रसंगाच्या वेळी लहान मुलगा आहे, ही सबब येथे दिली जाते. ती अंशतः मान्य करता येईल. मुलाच्या कानावर पडलेले लूशचे शब्द प्रौढ निवेदकाने गाळलेले नाहीत, ही फॉकनर यांची प्रामाणिकता आहे. पण कथानक नंतर आजीच्या धाडसामागे धावते आणि लूशचा प्रश्न अनुत्तरित राहतो.

५. तुलनात्मक विचार

तिन्ही कृती एकत्र पाहिल्या असता एक साम्य ठळकपणे जाणवते. चांदीची मालकी किंवा तिचा त्याग यांना गांभीर्य लाभते. तिचे जतन मात्र हास्याचा किंवा संशयाचा विषय होते. मिसेस टुलिव्हर क्षुद्र ठरते, माग्लोआर भाबडी ठरते, लूश फितूर ठरतो. भांडे घासणाऱ्या, मोजणाऱ्या किंवा पुरणाऱ्या व्यक्तीचे त्या भांड्याशी असलेले नाते प्रत्यक्ष आणि रोजचे असते. तरी साहित्यकृतीत ते नाते दुय्यम ठरते. मराठीत 'वाढणे' या क्रियापदाचे पानात अन्न घालणे आणि वृद्धिंगत होणे असे दोन अर्थ आहेत. घराणे वाढते ते कोणीतरी वाढल्यामुळे. परंतु वारशाच्या कथेत दुसराच अर्थ शिल्लक राहतो.

याबरोबरच तिघांतील भेदही नोंदवला पाहिजे. एलियट यांनी प्रश्न शीर्षकात दडवला, ह्यूगो यांनी तो मालकाच्या तोंडी घातला आणि फॉकनर यांनी तो श्रम करणाऱ्याला विचारू दिला. प्रश्नाचा हा प्रवास कलात्मक प्रगतीचा आलेख नव्हे. ह्यूगो यांनी शोधलेले उत्तर, म्हणजे रक्ताच्या नात्याबाहेर जाणारा वारसा, फॉकनर यांच्या कादंबरीला गवसत नाही. फॉकनर यांनी उभा केलेला प्रश्नकर्ता ह्यूगो यांच्याकडे नाही. एकाची उणीव दुसऱ्याच्या आधारे वाचता येते, यातच या तुलनेचे प्रयोजन आहे.

निष्कर्ष

१. अभ्यासलेल्या कादंबऱ्यांत कौटुंबिक रौप्यपात्रे ही केवळ वैभवाची सजावट नसून मालकीच्या न्याय्यतेची कसोटी आहेत. ही कसोटी वस्तू घराबाहेर पडताना लागते.

२. भांड्यावरील नाव हा मालकीचा पुरावा असतोच असे नाही. मिसेस टुलिव्हरच्या बाबतीत ते कायद्याने नाकारलेल्या हक्काची खूण आहे.

३. बिशपच्या कृतीला केवळ क्षमा म्हणणे हे तिचे सौम्यीकरण होय. ती मालकीच्या त्यागाची आणि परतफेडीची कृती आहे. अध्यापनात हा भेद स्पष्ट होणे आवश्यक आहे.

४. जतन करणाऱ्या व्यक्तीविषयी कथन जेथे हसते, तेथे समीक्षकाने थांबून पाहिले पाहिजे. लूशचा प्रश्न गंभीरपणे घेतला, तर माग्लोआरने मोजलेले चमचे आणि मिसेस टुलिव्हरची चहादाणीही नव्या अर्थाने वाचावी लागते. वारसा म्हणजे काय मिळाले याची यादी नव्हे. ते कोणाच्या हातांनी टिकले याचाही त्यात हिशेब असावा लागतो.